कंपल्सरी सस्टेनेबिलिटी कोर्स: नुसते क्रेडिट घ्यायचे की खरंच शिकायचं?

(वाचकांचे प्रश्न आणि वाचकांचीच उत्तरं. यावेळचं पत्र कॉमर्सच्या एका विद्यार्थ्याचं आहे, उत्तर दिलंय सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने, जिने हा कोर्स पूर्ण केलाय.)

प्रश्न: मी कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला सस्टेनेबिलिटीचा (शाश्वत विकासाचा) कोर्स सगळ्यांना कंपल्सरी आहे, तो पास झाल्याशिवाय डिग्री नाही. विषयाबद्दल माझी तक्रार नाही, काळजी मलाही वाटते, पण आतापर्यंतच्या लेक्चरमध्ये शाळेपासून ऐकलेलंच परत ऐकतोय, झाडं लावा, पाणी वाचवा, प्लॅस्टिक टाळा. मला पुढे अकाउंट्समध्येच करिअर करायचंय आणि तिकडचाच अभ्यास डोक्यावर आहे, त्यामुळे हा वेळ फुकट जातोय असं वाटतं. वर्गातले काही जण म्हणतात नोट्स पाठ कर आणि मोकळा हो, आणि काही जण इतके घाबरलेत की आता सगळं संपलंच आहे, शिकून काय करणार असं म्हणतात. ज्यांनी हा कोर्स केलाय त्यांनी खरं खरं सांगा, यातून काही हाताला लागतं का?

उत्तर: अरे, लागतं, आणि कॉमर्सवाल्यांना तर आम्हा इंजिनिअरिंगवाल्यांपेक्षा जास्त लागेल असं मला अगदी मनापासून वाटतं. कारण हा विषय निसर्गाचा म्हणून शिकवतात पण आतून तो हिशोबाचा आहे. कशाची नोंद झाली, कशाची झालीच नाही, आणि जे नोंदलं नाही त्याचे पैसे शेवटी कोणाच्या खिशातून गेले, हे तीन प्रश्न मी त्या कोर्समधून घेऊन बाहेर पडले आणि अजून वापरतेय.

याची सुरुवातच बघ ना. १७१३ साली जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ नावाच्या माणसाने जंगलांवर एक पुस्तक लिहिलं, आणि हा माणूस खाणींचा कारभार बघणारा सरकारी अधिकारी होता. खाणीत टेकू द्यायला लाकूड लागायचं, धातू वितळवायला कोळसा लागायचा आणि तोही लाकडाचाच, आणि आसपासची जंगलं संपत चालली होती. त्याचं म्हणणं होतं की जेवढं लाकूड नव्याने वाढतं तेवढंच तोडा, नाहीतर खाणकामच बंद पडेल. म्हणजे व्याजावर भागवा, मुद्दलाला हात लावू नका. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची जी व्याख्या दिली, आजच्या गरजा अशा भागवा की पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवता येतील, जी तुम्हाला पण पहिल्याच लेक्चरला पाठ करायला सांगितली असेल, तिच्या मुळाशी हीच गोष्ट आहे, फक्त जंगलाच्या जागी आता सगळी पृथ्वी आली.

आता मुद्दल मोडतंय हे वह्यांमध्ये दिसत का नाही, हा खरा प्रश्न, आणि मला ज्या एका उदाहरणाने हा कोर्स कळला ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशांचं आहे. तिथे शेकडो वर्षं मासेमारी चालू होती, मग मोठी जाळी ओढणाऱ्या ट्रॉलर बोटी आल्या, आवाजाच्या लहरींनी मासा शोधणारं सोनार यंत्र आलं, आणि १९६८ साली एका वर्षात साधारण ८ लाख टन कॉड काढला गेला. तेवढं वर्ष कुठल्याही हिशोबात सुपरहिट. पुढे मासा कमी होत गेला तरी बोटींना तो सापडत राहिला, कारण उरलेला मासा थवे करून राहतो आणि यंत्रं ते थवे बरोबर शोधतात, त्यामुळे जाळ्यात येणाऱ्या माशांवरून अंदाज बांधला तर समुद्रात भरपूर आहे असंच वाटायचं. जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंदच करावी लागली, सुमारे ३० हजार लोकांचं काम गेलं, आणि ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं, ते पण छोट्याशा कोट्यावर. मला इथे सगळ्यात जास्त काय लागलं तर बोटीचा घसारा, म्हणजे वापरून वापरून उतरलेली किंमत, दरवर्षी लिहिला जात होता, जाळ्यांचा पण लिहिला जात असणार, पण ज्या माशावर सगळा धंदा उभा त्याचा घसारा लिहायला कुठल्याच वहीत रकाना नव्हता. हे तुझ्या अकाउंट्सच्या सरांना विचारून बघ, छान चर्चा होईल.

अर्थशास्त्रवाल्यांनी यावर बराच विचार केलाय, तुमच्या अभ्यासक्रमात पुढे येईलच. आर्थर पिगू या ब्रिटिश अर्थतज्ञाने १९२० सालीच मांडलं होतं की धूर सोडणाऱ्याचा खर्च दुसरंच कोणी भरत असेल तर तेवढा कर धूर सोडणाऱ्यावर लावा. फिनलंडने १९९० मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला तो याच विचारातून. आणि त्याच्याही आधी, १८६५ मध्ये, विल्यम स्टॅनली जेव्हन्सने कोळशाबद्दल एक गोष्ट दाखवून दिली जी मला अजून अस्वस्थ करते, की इंजिन जास्त कार्यक्षम झालं की कोळसा वाचत नाही उलट जास्त जळतो, कारण वाफेची ताकद स्वस्त पडते आणि लोक ती नव्या नव्या ठिकाणी वापरायला लागतात. प्रत्येक वेळी असंच होतं असं नाही, पण नुसतं मशीन चांगलं आणलं की प्रश्न सुटला असं समजायची सवय मात्र माझी यामुळे गेली, आणि इंजिनिअरिंगला असणाऱ्या मुलीसाठी ही मोठी गोष्ट आहे.

माझ्याच शाखेचं सांगायचं तर सिमेंट. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला साधारण ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भट्टीतल्या इंधनामुळे नाही तर चुनखडी तापवली की तिच्यातूनच जो वायू सुटतो त्यामुळे. म्हणजे भट्टी पूर्ण स्वच्छ विजेवर चालवली तरी हा भाग राहतोच. काँक्रीट डिझाइनच्या तासाला आम्ही ताकद बघतो, खर्च बघतो, टिकाऊपणा बघतो, हा आकडा मला त्या तासाला कोणी सांगितला नव्हता, तो सांगितला या कंपल्सरी कोर्सने. आता मी बीमचा साइज काढताना फॅक्टर ऑफ सेफ्टी (सुरक्षिततेसाठी मुद्दाम ठेवलेली जास्तीची ताकद) सोडून आणखी किती जास्तीचं काँक्रीट उगाच ओततोय ते पण बघते. तुझ्या शाखेत याच जागी काय येईल ते तू शोध, माझा अंदाज आहे की कुठल्या खर्चाची सीमा कुठे आखली हा प्रश्न येईल.

सीमेबद्दल, म्हणजे हिशोबात काय धरलं आणि काय बाहेर ठेवलं याबद्दल, थोडं जास्त लिहिते कारण कोर्समधला सगळ्यात कामाचा धडा हाच आहे. कापडी पिशवी चांगली की प्लॅस्टिकची, असं विचारलं तर वर्गात सगळे हात कापडीला वर होतात. ब्रिटनच्या एन्व्हायर्नमेंट एजन्सीने २०११ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात हवामानावरचा परिणाम मोजला तर सुती पिशवी साध्या पातळ प्लॅस्टिक पिशवीच्या बरोबरीला यायला १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं, कारण कापूस पिकवायला पाणी, खत, ऊर्जा सगळं लागतं. लगेच असं समजू नको की प्लॅस्टिक चांगलं, कारण त्या आकड्यात नाल्यात अडकलेली पिशवी, समुद्रात गेलेली पिशवी, जनावराच्या पोटात गेलेली पिशवी मोजलेली नाही. आणि ते प्रकरण छोटं नाही, २०१५ पर्यंत जगात जेवढा प्लॅस्टिक कचरा तयार झाला होता त्यातला फक्त ९ टक्के रिसायकल झाला असा २०१७ मधल्या एका शोधनिबंधाचा हिशोब आहे. मग बरोबर काय? जी पिशवी घरात आधीच आहे तीच फाटेपर्यंत वापरायची, नवीन नवीन कापडी पिशव्या वाटत फिरायचं नाही. पर्यावरण दिनाला कार्यक्रम करून पाहुण्यांना नव्या कोऱ्या सुती पिशव्या देणं मला म्हणूनच पटत नाही.

लॅपटॉप फोनचं पण तसंच आहे, त्यांचा बहुतेक कार्बन ते बनवतानाच खर्च झालेला असतो, आपण चार्जिंगला कितीशी वीज वापरतो त्याने फार फरक पडत नाही, ते किती वर्षं वापरतो त्याने पडतो. २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला नीट गोळा होऊन रिसायकल झालेला होता २२.३ टक्के.

आता त्या नोट्स पाठ करा म्हणणाऱ्यांबद्दल. त्यांचा दोष नाही, पेपरच तसे काढले तर काय करणार, जागतिक अमुक दिन कधी आणि तमुक परिषद कुठे झाली असे एका मार्काचे प्रश्न विचारले की मुलं तेच पाठ करणार. १९७७ मध्ये तिबिलिसीला युनेस्कोची जी परिषद झाली तिथे पर्यावरण शिक्षणाचं उद्दिष्ट माहिती देणं एवढंच ठेवलेलं नव्हतं, जाणीव, दृष्टिकोन, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग हे सगळं त्यात होतं, आणि भारतात तर सुप्रीम कोर्टाने १९९१ साली एका जनहित याचिकेत निकाल देताना हा विषय शिक्षणात सक्तीचा असावा असं म्हटलं. म्हणजे कंपल्सरी करण्यामागे चांगला विचार आहे. माझं मत विचारशील तर कंपल्सरी असायलाच पाहिजे, कारण ऐच्छिक ठेवला तर तो फक्त आधीच आवड असलेली मुलं घेणार आणि उद्या कारखान्याची खरेदी, बँकेचं कर्ज, पुलाचं डिझाइन ज्यांच्या हातात असणार ती सगळी बाहेर राहणार. पण सक्ती करायची तर शिकवायला पण तेवढ्याच मनाने माणसं आणि वेळ द्यायला पाहिजे, शंभर-दीडशे मुलं एका हॉलमध्ये बसवून स्लाइड वाचून दाखवणं ही मुलांवर आणि विषयावर दोघांवरही अन्याय आहे.

आमच्याकडे एक चांगली गोष्ट झाली ती म्हणजे मॅडमनी परीक्षेच्या जोडीला मोजणीचं काम दिलं. आमच्या गटाकडे एका इमारतीची वीज आली. आम्हाला वाटलं होतं एसी आणि लाइटवर भाषण लिहायचं, पण मॅडम म्हणाल्या भाषण नको, मीटरचे आकडे आणा, रात्रीचे पण आणा. रात्री इमारत रिकामी असताना पण वापर दिवसाच्या तुलनेत फारसा खाली येत नव्हता, मग एकेक सर्किट शोधत गेलो तेव्हा सापडलं की सतत चालणारे पंप, जुने फ्रीज आणि कोणीच बंद न करणारे कॉम्प्युटर हेच रात्रभर वीज खातायत. तोपर्यंत सगळ्यांचा भर पंखा बंद करा या पाटीवर होता. पंपाला टायमर लावायचा निर्णय विद्यार्थी घेऊ शकत नाही, तो देखभाल विभाग घेतो, त्याला मंजुरी हिशोब विभाग देतो, हे पण तेव्हाच कळलं, आणि माझ्या मते हे कळणं पाटीपेक्षा फार मोठं आहे.

याच कारणाने मला तो सगळा भार एकेका माणसावर टाकणारा भाग खटकतो. तुझा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे तुझ्यामुळे हवेत किती कार्बन जातो ते, मोज, तू किती वेळ शॉवर घेतोस ते लिही. ही कल्पना घराघरात पोचवण्यात २००० नंतरच्या दशकात एका बड्या तेल कंपनीच्या जाहिरातींचा मोठा हात होता हे माहीत असू दे. स्वतःचं मोजू नको असं नाही म्हणत, मी मोजलं, शिकायला मिळालं. पण त्याच्यापुढे कोर्स गेला नाही तर मुलं अपराधी वाटून घेऊन बसतात आणि मग तुझ्या वर्गातल्यासारखी घाबरतात.

त्या घाबरलेल्यांना माझ्याकडून ओझोनची गोष्ट सांग, नीट सांग, कारण शाळेत ती अर्धवटच सांगतात. १९७४ मध्ये मारियो मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवलं की फ्रीजमधले आणि स्प्रेमधले सीएफसी वायू वर जाऊन ओझोन खातात, उद्योगांनी बरीच वर्षं विरोध केला, १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर ओझोन भयंकर कमी झालेला मोजणीत दिसला, आणि दोनच वर्षांत, १९८७ ला, मॉन्ट्रिअल करार झाला. तो १९८९ ला लागू झाला आणि पुढे संयुक्त राष्ट्रांतल्या प्रत्येक देशाने त्याला मान्यता दिली. आज त्या वायूंचा जवळजवळ ९९ टक्के वापर बंद झालाय आणि शास्त्रज्ञांचा अंदाज आहे की जगाच्या बहुतेक भागावरचा ओझोन २०४० च्या आसपास १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. हे सगळं घरोघरी स्प्रे न वापरण्याची शपथ घेऊन झालेलं नाही, मोजणी, करार, तारखा आणि गरीब देशांना बदल करायला पैसे देणारा फंड, यातून झालंय. कार्बनचं काम याच्यापेक्षा खूप अवघड आहे हे पण सांग, सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि त्याला पर्याय सापडला, कार्बन मात्र वीज, रस्ते, शेती, सिमेंट सगळ्यात आहे. तरी २०१० नंतरच्या दहा-बारा वर्षांत नव्या सोलर प्रकल्पातल्या विजेचा खर्च साधारण ९० टक्क्यांनी उतरलाय, ते पण खरं आहे, आणि घाबरून बसलेल्यांना दोन्ही गोष्टी माहीत पाहिजेत.

आणि मोजत राहणाऱ्या माणसांचं एक सांगायचं राहिलं. हवेतला कार्बन डायऑक्साइड चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ पासून हवाई बेटांवरच्या मौना लोआ या पर्वतावर मोजायला घेतला तेव्हा तो दहा लाख भागांत ३१५ च्या जवळपास होता, आता ४२० च्या वर आहे. १९६४ मध्ये निधी कापला म्हणून ही मोजणी काही काळ थांबली होती. कायमचीच थांबली असती तर आज आपण ज्या आलेखावर भांडतोय तो आलेखच नसता.

राहिला तुझ्या करिअरचा प्रश्न. कंपन्यांचं उत्सर्जन तीन स्कोपमध्ये मोजतात, पहिला कंपनीतून थेट सुटणाऱ्या वायूंचा, जसं स्वतः जाळलेलं इंधन, दुसरा विकत घेतलेल्या विजेचा, आणि तिसरा बाकी सगळा, म्हणजे कच्चा माल बनवणाऱ्यापासून वस्तू वापरून फेकणाऱ्यापर्यंत, आणि बहुतेक धंद्यांत तिसराच सगळ्यात मोठा निघतो. जून २०२३ मध्ये कंपन्यांच्या हिशोबाची आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड ठरवणाऱ्या आयएफआरएस फाउंडेशनच्या बोर्डाने एस१ आणि एस२ अशी दोन स्टँडर्ड काढली, आर्थिक अहवालाच्या बरोबरीने ही माहिती कशी द्यायची ते सांगणारी. म्हणजे बॅलन्सशीट तपासणाऱ्यालाच उद्या हे आकडे पण तपासायचेत, आणि ते खोटे की खरे हे ओळखायला टन म्हणजे काय, सीमा म्हणजे काय हे कळायला लागणार. तू ज्याला अवांतर म्हणतोयस ते तुझ्याच टेबलावर येणार आहे रे.

प्रश्न: (त्याच विद्यार्थ्याचं पुढचं पत्र) पटलं. मग प्रोजेक्टला नक्की काय घेऊ? गटात सगळे कॉमर्सचेच आहोत, सायन्स कोणाचंच नाही.

उत्तर: सायन्स लागत नाही, बिलं वाचता आली पाहिजेत. कॉलेजचा एका वर्षाचा हिशोब करा, पण आधी सीमा ठरवा आणि ती पहिल्या पानावर लिहा, कुठली इमारत, कुठलं वर्ष, हॉस्टेल आत की बाहेर, येण्याजाण्याचा प्रवास आत की बाहेर. मग बारा महिन्यांची विजेची बिलं घ्या, युनिट काढा, आणि आपल्या ग्रिडचा दर युनिटमागे किती कार्बन असा अधिकृत आकडा त्या त्या देशाची वीज यंत्रणा छापते त्याने गुणा. जनरेटरचं डिझेल असेल तर लिटरला साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा (लिटरभर डिझेलचं वजन एक किलो पण नसतं मग एवढा वायू कुठून आला असं कोणीतरी विचारेलच, त्यातला ऑक्सिजन हवेतून येतो).

खरी मजा खरेदीच्या रजिस्टरमध्ये आहे आणि तिथेच कॉमर्सवाले आमच्यापेक्षा सरस ठरतात. कागद, फर्निचर, कॉम्प्युटर, कँटीनचा माल, बांधकाम, कशावर किती खर्च झाला आणि निर्णय कोणाच्या सहीने झाला ते लावा. सगळ्याचा कार्बन काढायचा प्रयत्न करू नका, एका सेमिस्टरमध्ये नाही होणार, दोन मोठ्या रकमा निवडा. हिशोब विभाग नुसत्या तोंडी विनंतीवर रजिस्टर देत नाही, तेव्हा मॅडम किंवा सरांच्या सहीचं पत्र पहिल्याच आठवड्यात द्या, आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. आणि जो आकडा मिळाला नाही त्याची ओळ गाळू नका, कोणाकडे मागितला, कधी मागितला ते लिहून ती जागा रिकामी ठेवा, पुढच्या वर्षीच्या गटाला तिथून सुरू करता येईल.